पुंगळीतून जाणारे पैसे मोजणारा माणूस

सायलेन्सर बदलला की पिकअप वाढतो आणि ॲव्हरेजही वाढतं, असं गॅरेजवर छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यात खरं किती? ज्याच्या नावानं आपण पंपावर तेल मागतो, त्या माणसाच्या आयुष्यात याचं उत्तर सापडतं.

बुलढाण्याहून मलकापूरच्या रस्त्याला लागलं की राजूर घाट येतो. घाटात गाडीची खरी परीक्षा होते. एसटी दमानं चढते, ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत असतात आणि मधूनच एखादी बुलेट फटाके फोडत सगळ्यांना मागं टाकून जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, काय ताकद आहे! चालवणाऱ्यालाही तसंच वाटतं. मित्र विचारतात, पुंगळी कुठून बसवली? मग पुढच्या रविवारी आणखी एक कंपनीचा सायलेन्सर निघतो, त्याजागी चकचकीत नळकांडं बसतं आणि तीन-चार हजार रुपये जातात.

आवाज वाढतो, हे नक्की. पण ताकद वाढते का? पेट्रोल वाचतं का?

हे प्रश्न नवे नाहीत. इंजिनात घातलेल्या तेलातलं खरं कामाला किती येतं आणि वाया किती जातं, या एकाच प्रश्नामागं एका माणसानं अख्खं आयुष्य घालवलं. त्याचं नाव रुडॉल्फ डिझेल. हो, डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे. आपल्या जिल्ह्यात विहिरीवरच्या इंजनापासून समृद्धी महामार्गावरच्या ट्रेलरपर्यंत जे जे धडधडतं, त्याच्या मुळाशी हा माणूस आहे.

दोन देशांत परका

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. वडील चामड्याच्या वस्तू बनवायचे, पण धंदा कधी धड चालला नाही. पोराला यंत्रांचा नाद. पॅरिसमधल्या यंत्रांच्या संग्रहालयात जाऊन जुनी वाफेची गाडी तासन्‌तास न्याहाळायची, हा त्याचा आवडता उद्योग.

१८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटलं. जर्मन माणसं रातोरात परकी ठरली. डिझेल कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. तिथंही पोटाची चिंता होतीच. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला आईवडिलांनी एकट्याला जर्मनीतल्या ऑग्सबर्ग शहरात नातेवाइकांकडं पाठवून दिलं. तिथले काका गणित शिकवायचे. पोरगा तिथंच राहिला, शिकला आणि चौदाव्या वर्षीच त्यानं घरी कळवून टाकलं की आपण इंजिनिअर होणार.

घरच्यांची इच्छा होती की त्यानं लवकर कमवायला लागावं. त्यानं मात्र शिष्यवृत्ती मिळवली आणि म्युनिचच्या पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश घेतला. ऐन परीक्षेच्या वेळी १८७९ मध्ये विषमज्वरानं गाठलं आणि परीक्षा बुडाली. पुढच्या परीक्षेपर्यंत रिकामं बसण्यापेक्षा तो स्वित्झर्लंडमधल्या सुल्झर कंपनीच्या कारखान्यात हात काळे करायला गेला. १८८० मध्ये परीक्षा दिली आणि उत्तम गुणांनी पास झाला.

वहीतला एक आकडा

या कॉलेजच्या दिवसांतच एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरली ती कायमची. कार्ल फॉन लिंडे नावाचे प्राध्यापक उष्णतेचं शास्त्र शिकवायचे. बर्फ बनवणारी यंत्रं उभी करणारे म्हणून त्यांचं नाव गाजलेलं होतं. एका तासाला त्यांनी वाफेच्या इंजिनाचा हिशेब मांडला. जळणातल्या उष्णतेपैकी जेमतेम सहा ते दहा टक्के कामाला येते, बाकीची वाया जाते.

विचार करा. शंभर रुपयांचा कोळसा घालायचा आणि दहा रुपयांचंसुद्धा काम पदरात पडायची खात्री नाही. वर्गातल्या बाकी मुलांनी हा आकडा परीक्षेपुरता लिहून घेतला असेल. रुडॉल्फला मात्र तो टोचत राहिला. हे नव्वद टक्के जातात कुठं, आणि ते अडवता येतील का?

पुढची दहा-बारा वर्षं त्यानं लिंडे यांच्याच कंपनीत बर्फाच्या यंत्रांवर नोकरी केली, आधी पॅरिसमध्ये आणि १८९० पासून बर्लिनमध्ये. लग्न झालं, तीन मुलं झाली. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात डोक्यातलं इंजिन, असं चाललं होतं.

सायकलच्या पंपातली गरमी

त्याची कल्पना समजायला सायकलच्या चाकात हवा भरून बघा. पंप जोरात मारला की खालचं टोक तापतं. हवा दाबली की गरम होते. डिझेलचं म्हणणं असं की, सिलिंडरमध्ये नुसती हवा घ्या आणि ती इतकी दाबा की त्यात तेल सोडताच ते आपोआप पेटेल. ठिणगी नको, प्लग नको.

पण खरी गंमत दाबण्यात नाही, त्यानंतरच्या फुगण्यात आहे. जळलेला गॅस जितका जास्त फुगतो तितका तो पिस्टनला जास्त रेटतो आणि स्वतः थंड होत जातो. म्हणजे मागच्या नळीतून बाहेर पडेपर्यंत त्याच्यातली उष्णता आपण जमेल तितकी काढून घेतलेली असते. ज्या इंजिनाचा धूर जास्त तापलेला, ते इंजिन आपले पैसे जास्त उधळतं. डिझेलच्या सगळ्या खटाटोपाचं सार हे एवढंच.

१८९२ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं आणि त्याच वर्षी त्यानं या विषयावर पुस्तकही काढलं. कागदावरचे आकडे जबरदस्त होते. सत्तर टक्क्यांच्या वर उष्णता कामाला लावता येईल, असं त्याचं गणित सांगत होतं. इंजिन थंड ठेवायला पाण्याचीही गरज पडणार नाही, असं त्याला वाटत होतं. ऑग्सबर्गच्या यंत्रकारखान्याचे प्रमुख हाइनरिश फॉन बुझ आधी नाही म्हणाले. डिझेलनं दाब कमी धरून नवा हिशेब दिला तेव्हा ते तयार झाले. क्रुप या बड्या कंपनीनंही पैसा लावला.

धूर खोटं बोलत नाही

आता कागद संपला आणि लोखंड सुरू झालं. १० ऑगस्ट १८९३ ला पहिल्या इंजिनाची चाचणी झाली. आत तेल सोडताच बंदुकीसारखा बार झाला, दाब मोजणारं उपकरण फुटलं आणि त्याचे तुकडे डोक्याजवळून उडून गेले. जीव थोडक्यात वाचला. डिझेलला मात्र त्यात एक चांगली बातमी दिसली. नुसत्या दाबलेल्या हवेत तेल पेटतं, हे सिद्ध झालं होतं!

पेटणं एक आणि चालणं वेगळं. स्वतःच्या ताकदीवर इंजिन चालायला फेब्रुवारी १८९४ उजाडलं, आणि तेव्हाही ते सुमारे मिनिटभरच चाललं. मग सुरू झाली खरी झटापट. तेल किती सोडायचं, केव्हा सोडायचं, त्याचे थेंब किती बारीक करायचे, हवेशी ते कसे मिसळायचे? जरा चुकलं की मागून काळाकुट्ट धूर. हा धूर म्हणजे इंजिनाचा रिपोर्टच असतो. काळा धूर म्हणजे तेल नीट जळलं नाही आणि पैसे फुकट गेले. ट्रॅक्टरच्या नळीतून भकाभका काळं येऊ लागलं की आपले शेतकरी नोझल तपासायला सांगतात, ते याच कारणानं.

पाण्याशिवाय इंजिन चालवायचं स्वप्न सोडावं लागलं. सिलिंडरभोवती पाणी खेळवलं. सत्तर टक्केही मागं पडले. एकेक दावा गळत गेला आणि इंजिन मात्र सुधारत गेलं.

मोजणारा माणूस दुसरा

चार वर्षांच्या मेहनतीनंतर तिसरं इंजिन तयार झालं. इथं डिझेलनं जे केलं ते आपण शिकण्यासारखं आहे. इंजिन भारी आहे, असं स्वतःच सांगत फिरण्याऐवजी म्युनिचचे प्राध्यापक मोरित्झ श्र्योटर यांच्याकडून त्याची चाचणी करून घेतली.

१७ फेब्रुवारी १८९७. किती तेल गेलं, किती ताकद मिळाली, सगळं मोजलं. इंजिनाची ताकद अठरा-वीस हॉर्सपॉवर आणि कार्यक्षमता २६.२ टक्के! सत्तरचं स्वप्न बघणाऱ्याच्या हाती सव्वीस आले. पण तेव्हा इतक्या कमी जळणात इतकं काम करणारं दुसरं इंजिन जगात नव्हतं. मोजलेले सव्वीस टक्के कागदावरच्या सत्तर टक्क्यांपेक्षा मोठे ठरले. ते इंजिन आजही म्युनिचच्या संग्रहालयात आहे.

मग पुंगळीचं काय?

आता डिझेलचा हा हिशेब आपल्या गाडीला लावून बघू.

पेट्रोल गाडीत जळलेल्या इंधनाच्या उष्णतेतला ढोबळमानानं पाव ते एक तृतीयांश भागच चाकाच्या दिशेनं जातो. साधारण एक तृतीयांश मागच्या नळीतून बाहेर पडतो. उरलेला इंजिन थंड ठेवण्यात आणि घर्षणात जातो. एक तृतीयांश नळीतून जातो म्हटल्यावर वाटेल, मग नळी बदलली की तो वाचेल! पण इथंच फसगत होते. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडला त्या क्षणी हिशेब संपलेला असतो. ती उष्णता सिलिंडरमध्ये कामाला यायची होती, ती आली नाही. नंतर ती कोणत्या नळीतून बाहेर पडली यानं तुमचं ॲव्हरेज वाढत नाही.

मग सायलेन्सरचा काहीच परिणाम नाही का? आहे, पण वेगळा. जळलेला गॅस बाहेर ढकलायला पिस्टनला जोर लावावा लागतो. वाट अरुंद असेल तर जास्त जोर लागतो. सायलेन्सर गंजून किंवा काजळीनं चोंदला असेल तर गाडी खरोखर मरगळते आणि पेट्रोलही जास्त पिते. तो साफ केला किंवा कंपनीचाच नवा बसवला की फरक कळतो. पण सायलेन्सर ठणठणीत असताना मोकळी नळी बसवून मिळणारी ताकद बहुतेक वेळा थोडीशीच असते, आणि तीसुद्धा इंजिन अगदी वरच्या आरपीएमला फिरत असताना. कॉलेजला जाताना पन्नासच्या वेगात थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. तेव्हा नळीतून गॅसच इतका कमी जातो की वाट मोकळी केल्याचा फायदा शून्याच्या आसपास.

उलट तोटा होऊ शकतो. नळी फार मोठी झाली की कमी आरपीएमला गॅसचा वेग मंदावतो. वेगानं जाणारा गॅस आपल्यामागं उरलेला गॅस ओढून नेतो, ती ओढ कमी होते. मग खालच्या गिअरचा टॉर्क पडतो, म्हणजे राजूर घाटात जो लागतो नेमका तोच! जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. मेकॅनिक मग मोठा जेट टाकतो आणि ॲव्हरेज आणखी घसरतं. नव्या गाड्यांत, कारमध्येही, ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू हे प्रमाण बऱ्याच अंशी सावरून घेतात. पण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच काढून टाकला तर विषारी वायू तसेच बाहेर येतात, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागू शकतो आणि पीयूसी मिळायची पंचाईत होते. जुन्या आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीची गोष्ट तर आणखी वेगळी. तिथं नळीचा फुगीर आकार इंजिनाचाच भाग असतो. तिथून उलटलेली दाबाची लाट ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. अशा गाडीची नळी अंदाजानं कापली की ताकदच कापली.

आणि ते फटाके? थ्रॉटल सोडल्यावर फट्‌फट्‌ आवाज येतो, तो सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल नळीत जाऊन पेटल्याचा. म्हणजे पिस्टनला न रेटता जळणारे तुमचेच पैसे. डिझेलनं चार वर्षं जे थांबवण्यासाठी डोकं फोडलं, ते आपण पैसे देऊन विकत घेतो!

आवाज म्हणजे ताकद, हा समजही एकदा तपासून घ्या. वीस हॉर्सपॉवरची गाडी साधारण पंधरा हजार वॉट देते. एक मीटर अंतरावर शंभर डेसिबल भरेल इतका कानठळ्या बसवणारा आवाज म्हणजे वॉटचा जेमतेम आठवा भाग. आपल्या कानाला फार थोडी ऊर्जा पुरते, म्हणून तो एवढा मोठा वाटतो.

कायद्याचं बोलायचं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय तीन महिने लायसन्स जातं. आता त्या चकचकीत नळकांड्याची खरी किंमत काढा.

यश आलं, हिशेब चुकला

१८९७ नंतर डिझेलच्या दारात कंपन्यांची रांग लागली. अमेरिकेचे हक्क एकट्या दहा लाख मार्कांना गेले. तो श्रीमंत झाला, म्युनिचमध्ये टोलेजंग बंगला बांधला. पण प्रयोगशाळेत चालणारं इंजिन गिऱ्हाइकाच्या कारखान्यात लगेच चालतंच असं नाही. सुरुवातीची इंजिनं बंद पडू लागली, तक्रारी आल्या. शोधाच्या हक्कावरून वाद झाले. अतिकामानं त्याची तब्येत ढासळली आणि काही काळ आरोग्यधामात काढावा लागला.

इंजिन मात्र सावरलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. शेतकऱ्याला त्याच्याच शेतातल्या तेलावर इंजिन चालवता यावं, ही कल्पना पुढं डिझेललाही महत्त्वाची वाटू लागली. १९१२ मध्ये सेलांडिया हे डिझेलवर चालणारं मोठं जहाज समुद्र ओलांडून गेलं.

तेलाच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पैशांचा हिशेब मात्र जमला नाही. जमिनींचे आणि तेलविहिरींचे व्यवहार बुडाले. बंगला उभा होता, पण आतून कर्ज पोखरत होतं आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन या बोटीवर चढला. सोबत्यांबरोबर जेवला, रात्री दहाच्या सुमारास खोलीकडं गेला आणि सकाळी सव्वासहाला उठवायला सांगितलं. सकाळी खोली रिकामी होती. अंथरुणाला हात लागलेला नव्हता. टोपी आणि कोट डेकवर सापडले. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. खलाशांनी खिशातल्या वस्तू काढून घेतल्या आणि देह पुन्हा पाण्यात सोडला. त्या वस्तू मुलानं ओळखल्या. वय होतं ५५. आत्महत्या, अपघात की घातपात, यावर आजही चर्चा होते. घरात निघालेली कर्जं पहिल्या शक्यतेकडं बोट दाखवतात.

नळीतून ताकद काढणारा

आता शेवटचा मुद्दा. मागच्या नळीतून ताकद वाढवता येतच नाही का? येते! पण त्यासाठी नळी मोकळी करून भागत नाही. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बाहेर जाणाऱ्या गॅसनं एक पंखा फिरवायचा आणि त्या पंख्यानं इंजिनात जास्त हवा कोंबायची. हाच आपला टर्बो. पुढं ब्यूखीनं त्याच सुल्झर कंपनीत काम केलं, जिथं तरुण डिझेलनं उमेदवारी केली होती. १९२० च्या दशकात टर्बो लावलेल्या दोन जर्मन जहाजांच्या इंजिनांची ताकद साडेसतराशेवरून अडीच हजार हॉर्सपॉवरवर गेली. टर्बो बसवला म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारी हवा, तेल, दाब, सगळा हिशेब नव्यानं मांडावा लागला. समृद्धीवर मेहकरजवळून जाणाऱ्या ट्रकमध्ये आज तेच तंत्र आहे, आणि त्या ट्रकचा आवाज बुलेटपेक्षा कितीतरी शांत असतो.

डिझेलचं इंजिन महाराष्ट्राच्या शेतात पोहोचलं त्यात किर्लोस्करांचा मोठा वाटा. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि वीज न पोहोचलेल्या विहिरींवर इंजनं धडधडू लागली. आपल्या आजोबांच्या पिढीला इंजन तासाला किती तेल पितं हे तोंडपाठ असायचं. कारण एका डब्यात किती ओलित होतं, यावर अख्ख्या हंगामाचं गणित अवलंबून होतं.

श्र्योटर यांनी केलं तसं मोजमाप आज पुण्यात एआरएआय ही संस्था गाड्यांसाठी करते. आपल्यालाही ते जमतं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी गाडी चालवा. दोनेकशे किलोमीटर झाले की त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा आणि भागाकार करा. असं तीन वेळा करा. मग चाकांतली हवा नीट ठेवून, एअर फिल्टर साफ करून आणि चेनला तेल देऊन हेच पुन्हा करा. आणि पुंगळी बदलून ॲव्हरेज वाढलं असं कुणी सांगितलं, तर भाऊ, बदलण्याआधीचा आकडा किती होता, एवढंच विचारा.